हौद गल्लीतले अकरा नळपूल

"आमच्या गल्लीत अकरा पूल आहेत म्हणे," शिफा बागवान म्हणाली, "आणि त्यातला एकही आम्ही आजवर बघितलेला नाही!"

गुंडा शिंगटेच्या हातातली बशी कलंडली. फौजेत बावीस वर्षं काढली, पूल उडवलेले बघितले, बांधलेले बघितले. पण कुणाला न दिसणारे पूल? तेही सांगलीत?

साताऱ्यात राजवाड्याजवळ, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत माया कदमचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. माया हुशार होती, इतकी की जिना चढणाऱ्याच्या पावलांवरून तो भांडून आलाय की रडून, हे ती सांगायची. गुंडा तिचा सख्खा मामा. निवृत्त हवालदार, मिशा झुपकेदार, डोकं जरा सावकाश चालणारं. स्वतःला मात्र तो अर्धं ऑफिस समजायचा.

"घाबरू नकोस," माया शिफाला म्हणाली. "हा गुंडा."

शिफानं पटकन दप्तर छातीशी धरलं.

"अगं, नावच गुंडा आहे त्याचं! माझा मामा."

"आईनं ठेवलंय," गुंडा घाईघाईनं म्हणाला. "आमच्याकडं असतंय तसं नाव. तू बोल, पोरी."

शिफा अकरावीत होती. साताऱ्यातल्या खालाकडं, म्हणजे मावशीकडं, म्हणून आली होती, पण खरं काम हेच होतं. तिनं दोन कागद टेबलावर ठेवले आणि एका दमात सगळं सांगितलं.

सांगलीत सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे जुने नळ बदलायचं काम निघालं होतं. वॉर्डाच्या कचेरीनं प्रथमच लोकांना विचारलं होतं, पूर येतो तेव्हा तुमच्याकडं पाणी कुठून शिरतं, कधी शिरतं, किती चढतं? हौद गल्लीतल्या अडतीस घरांची माहिती गोळा करायचं काम शिफानं अंगावर घेतलं. दारोदार फिरून तिनं प्रत्येकाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. मग टायपिंगच्या दुकानात ते रेकॉर्डिंग वाजवलं, आणि ऐकत ऐकत अर्जुनाअण्णांनी सगळं टाईप केलं. तो कागद कचेरीत गेला.

"आणि उत्तर हे आलं," शिफानं दुसरा कागद पुढं सरकवला.

मायानं मोठ्यानं वाचलं. "'अकरा रहिवाशांनी नळपुलातून पाणी येत असल्याचे नोंदवले आहे. प्रत्यक्ष पाहणीत गल्लीत एकही नळपूल आढळला नाही. माहिती विश्वासार्ह नाही. सबब हौद गल्ली पहिल्या टप्प्यातून वगळावी.'"

"नळपूल म्हंजे रस्त्याखालनं पाणी पलीकडं काढाया नळ्या घालत्यात, त्यो बुटका पूल," गुंडा म्हणाला. एवढं त्याला येत होतं.

"पण आमच्या गल्लीत कुणी 'पूल' हा शब्दच काढला नव्हता!" शिफाचा आवाज चढला. "टाईप केलेल्या कागदावर मी नावं तपासली, घर नंबर तपासले. दुसऱ्या दिवशी पेपर होता, बाकीचं वाचलं नाही. चूक माझी. आणि फोन भरला होता, म्हणून रेकॉर्डिंग उडवलं. तीही माझीच. आता सगळे म्हणतायत, बागवानांच्या पोरीनं रांगेत पुढं घुसायला खोटं लिहिलं. परवा अकरा वाजता शाळेच्या हॉलमध्ये शेवटची सुनावणी आहे. तिथं माझं कुणी खरं मानलं नाही, तर गल्ली यादीतून गेली. परत कधी नंबर लागेल कुणास ठाऊक!"

माया टाईप केलेला कागद वाचत होती. "सतरा जणांकडं पाणी 'स्नानगृहातून', दहा जणांकडं 'मार्गावरून', अकरा जणांकडं 'नळपुलातून'. हे बघ, 'सुमारे ४५ सेंमी'. असं कोण म्हणालं?"

"आजी. ती 'गुडघाभर' म्हणाली होती. पण ते चालतंय की, ऑफिसचं मराठी असतंय तसलं."

"हं," माया म्हणाली. तिचं 'हं' ऐकलं की गुंडा बॅग भरायला घ्यायचा.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं सांगलीत उतरले.

हौद गल्ली अरुंद होती, पण काय नांदती! एका दारात बांगड्यांचं दुकान, दुसऱ्या दारात शिलाई मशीन, मध्ये नवी तीनमजली घरं आणि त्यांच्या पोटाशी जुनी कौलारू. गुंडानं आधी सगळी गल्ली वाकून वाकून तपासली. एका बाईनं विचारलं, "काय हरवलं का वं काका?"

"पूल," गुंडा म्हणाला.

बाईनं दार लावून घेतलं.

मग तिघं त्या अकरा घरांत गेले. पहिलं घर शमशाद चाचींचं. वय सत्तर, आवाज बिगुलासारखा.

"पाय धुवा आधी, चिखलात फिरलायसा," त्यांनी गुंडाला फर्मावलं. "मोरी तितं कोपऱ्यात हाय."

गुंडा शहाबादी फरशीवर गुपचूप पाय धुवायला गेला.

"चाची, शिफाला काय सांगितलं होतंत तुम्ही?" मायानं विचारलं.

"तेच जे दर साली होतंय. किस्नामाई चढाया लागली की आमची मोरी आधी गुरगुरती. मग भसाभसा काळं पाणी वर. रस्ता तवा खडखडीत कोरडा असतोय बघा! शेजारची म्हणत्यात, चाची, पूर कुटाय? म्या म्हनते, माज्या घरात आलाय, तुमच्याकडं येईल दोन तासानं. आमी तवाच धान्याची पिंपं माळ्यावर चढवतो."

"आणि पूल?"

"कसला पूल? ह्या पोरीवर आळ घेत्यात मुडदे! अडतीस घरं फिरली ती उन्हातनं. माज्या घरी पानीसुदिक प्याली न्हाई, उशीर होतोय म्हनून."

शिफा खाली मान घालून उभी होती. गुंडाला वाटलं, ही आपली नात असती तर आपण मिशीला पीळ देत गल्लीभर फिरलो असतो.

अकरा घरं संपली तेव्हा दुपार झाली होती.

"मामा, अकरा घरांत सारखं काय होतं?" मायानं विचारलं.

गुंडानं फार विचार केला. "चहा," तो म्हणाला. "अकरा घरी अकरा कप."

"आणखी?"

"घरं जुनी. फरशी खाली, रस्त्याच्या बरोबरीनं. पण एका जागी न्हाईत. एक हितं, एक पार तिकडं टोकाला."

"शाब्बास!" माया म्हणाली. कशाबद्दल शाब्बास, ते गुंडाला कळलं नाही, पण ऊर भरून आला.

*

कचेरीत अभियंता निमिष आपटे नकाशांच्या भेंडोळ्यांमागं बसला होता. चेहरा दमलेला.

"मला गल्लीशी वैर नाही," तो म्हणाला. "पण तुम्हीच सांगा. लोक लिहितात, रस्ता कोरडा असताना नळपुलातून पाणी येतं. कोरड्या रस्त्यात नळपुलातून पाणी वर कसं येईल? आणि मी स्वतः दोनदा फिरलो, नळपूलच नाही! मग बाकीच्या माहितीवर तरी विश्वास कसा ठेवू?"

"स्नानगृहातून पाणी येतं म्हणणाऱ्या सतरा जणांचं काय?"

"ती नवी घरं, उंच जोत्याची. त्यांच्याकडं पाणी रस्ता भरल्यावर दोन-तीन तासांनी येतं. त्यात नवीन काही नाही, सगळीकडं तसंच होतं."

"बाकी कागद कसा वाटला?"

निमिष पहिल्यांदाच हसला. "भाषा उत्तम. आमच्यापेक्षा सरकारी."

तिथून ते वीरधवल पाटलांच्या दुकानात गेले. नाल्यावर स्लॅब टाकून उभारलेली सहा दुकानं, आणि मधोमध खुर्चीत खुद्द वीरधवल. शिफा कुजबुजली, "ह्यांना खोदकाम नकोच आहे. आणि मी टाईप करायला गेले त्या दिवशी हे तिथंच होते!"

गुंडानं बाह्या सरसावल्या. चोर सापडला!

"व्हय, होतो की," वीरधवल मोठ्यानं म्हणाला. "माझी हरकत टाईप कराया गेलतो. ही बघा नक्कल, खाली सही माझी. मला खोदकाम नको, ते मी उजळ माथ्यानं सांगतोय. पोरीच्या कागदाला हात लावाया मला काय पडलंय?"

मायानं नक्कल घेतली. "'फरसबंदीचे उत्खनन करू नये'. असं म्हणालात तुम्ही?"

"छ्या! म्या म्हणालो, दुकानापुढच्या फरश्या उकरू नका. अण्णाला सांगायचं एक, त्यो लिवतोय दुसरंच. पण मराठी लय भारी असतंय गड्याचं. वाचलं की आपणच सायेब झाल्यागत वाटतंय!"

माया हसली. गुंडाला मात्र राग आला. मिठ्ठास बोलणारे चोर त्यानं बघितले होते.

शेवटी टायपिंगचं दुकान. अर्जुना केंगार, गल्लीचे अण्णा, स्वच्छ पांढऱ्या शर्टात ताठ बसले होते.

"आसनस्थ व्हा," ते म्हणाले. "मी एकोणतीस वर्षं साताऱ्याला रस्त्यांच्या खात्यात टंकलेखक होतो. सातशे किलोमीटर रस्ते या बोटांखालून गेलेत. एक तक्रार नाही!"

"मग ह्या कागदात पूल कुठून आले?" शिफा रडवेली झाली.

"बाळ, जे ऐकलं तेच टाईप केलं. पदरचा एक शब्द नाही." अण्णांचा आवाज दुखावला होता. गुंडानं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता, हे हवालदारालासुद्धा दिसत होतं.

मायाचा हात शाईच्या पॅडवर पडला. बोटं निळी झाली. मुद्दाम पाडला की काय, कोण जाणे.

"अरेरे," अण्णा उठले. "मागं न्हाणी आहे, हात धुऊन घ्या. साबण आहे तिथं."

माया हात धुऊन आली ती गालात हसत. "अण्णा, उद्या सुनावणीचा वृत्तांत टाईप करायला कोण आहे?"

"मीच. कचेरीनं पाचारण केलंय."

"छान! शाळेत प्रोजेक्टर आहे ना? तुम्ही टाईप कराल ते भिंतीवर सगळ्यांना दिसू दे. लोकांचा विश्वास बसेल."

"अवश्य!" अण्णांची छाती फुगली.

बाहेर आल्यावर गुंडा म्हणाला, "माये, कागद बदलला कुणी? शिफानं न्हाई, अण्णानं न्हाई, पाटील तर छाती ठोकून सांगतोय. मग भुतानं?"

"भूतच आहे, मामा. पण फार सज्जन भूत."

*

शनिवारी अकरा वाजता शाळेचा हॉल ओसंडून वाहत होता. हौद गल्ली झाडून आली होती. मागून कुणीतरी कुजबुजलं, "आली बघ पूलवाली!" शिफानं ऐकलं, पण ती सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली. गुंडा तिच्या शेजारी, सेंट्रीसारखा.

निमिष नकाशा टांगून उभा राहिला. एका बाजूला अण्णा लॅपटॉपवर, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड.

"एकच विनंती," माया उभी राहिली. "गल्लीची माहिती पुन्हा एकदा घ्या. सगळी नको, फक्त शमशाद चाचींची. अण्णा टाईप करतील."

निमिषनं घड्याळ बघितलं, मग मान हलवली.

चाची उठल्या. माईक त्यांना लागणारच नव्हता. "पाणी आधी मोरीतनं येतंय. रस्ता तवा कोरडा असतोय."

अण्णांची बोटं धावली. भिंतीवर अक्षरं उमटली.

'पाणी प्रथम नळपुलातून येते. तत्समयी मार्ग कोरडा असतो.'

अण्णा मान वर करून पुढच्या वाक्याची वाट बघत होते. त्यांना काही वेगळं घडल्याचा पत्ताच नव्हता!

मग शिफा किंचाळलीच. "मोरी! चाची मोरी म्हणाल्या!"

"तेच लिहिलंय," अण्णा गोंधळून म्हणाले. "मोरी म्हणजे नळपूल. आमचे साहेब मोरी शब्द दिसला की तांबडी रेघ मारायचे. म्हणायचे, केंगार, हा बोलीतला शब्द, अहवालात नळपूल लिहा. एकोणतीस वर्षं तेच लिहितोय."

"आवं मुडद्या, मोरी म्हंजे मोरी!" चाची गरजल्या. "भांडी घासायची, पाय धुवायचे, ती घरातली! माज्या घरात कसला पूल घालतोस?"

हॉलमध्ये हशा असा फुटला की खिडकीतली कबुतरं उडाली. गुंडा हसत नव्हता. तो काल मोरीत पाय धुऊन आला होता, आणि त्याला काहीही सुचलं नव्हतं.

"पहिल्या दिवशीच एक गोष्ट खटकली," माया म्हणाली. "गुडघाभर पाण्याचे पंचेचाळीस सेंमी झाले होते. म्हणजे टाईप करणारा ऐकतो तसं लिहीत नव्हता, ऐकलेलं सरकारी करत होता, आणि आपण तसं करतो हे त्याला स्वतःलाच कळत नव्हतं. पाटलांच्या हरकतीत फरश्या उकरण्याचं उत्खनन झालं, तेव्हा खात्री पटली. ज्यांनी गल्लीचं नुकसान करायचं ठरवलं असतं, त्यांनी पाटलांच्या कागदाला कशाला हात लावला असता?"

"ऐका, ऐका," वीरधवल ओरडला. "म्या सुटलो!"

"मग प्रश्न राहिला, अकराच घरं का? कुणाला कट करायचा असता तर नाल्याकाठची ओळीनं घेतली असती. ही विखुरलेली होती. मामांनीच ते ओळखलं." गुंडानं मिशी सावरली. "ती जुनी होती, खाली फरशी, कोपऱ्यात मोरी. नव्या घरातले लोक 'बाथरूम' म्हणाले, त्याचं नीट 'स्नानगृह' झालं. जुन्या घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, आणि अख्ख्या टाईप केलेल्या कागदात तो शब्द एकदाही नव्हता! अकरा मोऱ्या गायब, अकरा नळपूल हजर."

"पण अण्णाला घरातली मोरी ठावं न्हाई व्हय?" गुंडानं न राहवून विचारलं.

"अण्णा तिला न्हाणी म्हणतात, मामा. मला हात धुवायला तिथंच पाठवलं त्यांनी. मोरी हा शब्द त्यांना आयुष्यभर रस्त्याखालीच भेटला."

अण्णांचे हात कीबोर्डवरून खाली आले. "म्हणजे ह्या पोरीला खोटं ठरवलं ते मी," ते हळू आवाजात म्हणाले.

शिफा उठली आणि त्यांच्याजवळ गेली. "अण्णा, मीही वाचलं नव्हतं ना. आपण दोघं नापास. आता उत्तर सुधारू या."

पण निमिष कुणाचंच ऐकत नव्हता. तो नकाशापाशी जाऊन पुटपुटत होता. "रस्ता कोरडा, आणि घरात पाणी. सगळ्यात खालच्या मोऱ्या आधी." तो गर्रकन वळला. "चाची! पाणी काळं असतं? वास येतो?"

"लय घाण! पुराचं पाणी तांबडं असतंय, हे काळं."

"म्हणजे रस्त्यावरून नाही, उलटं येतं!" निमिषनं आनंदानं नकाशावर थाप मारली. "पावसाचा नळ आणि सांडपाण्याचा नळ इथं कुठंतरी एकमेकांत घुसलेत. नदी चढली की पाणी पावसाच्या नळातून मागं येतं, सांडपाण्याला रेटतं आणि मोऱ्यांतून वर काढतं. आमच्या जुन्या नकाशात हा जोड नाहीच. मी रस्ते मोजत बसलो! दोन्ही नळ वेगळे करून नदीच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप बसवली, तर ह्या गल्लीचंच काय, खालच्या तीन गल्ल्यांचं पाणी थांबेल." त्यानं हात जोडले. "ज्या माहितीला मी खोटं म्हणालो, तिनंच माझा नकाशा दुरुस्त केला. माफ कर, शिफा. अण्णा, लिहा. हौद गल्ली पहिल्या टप्प्यात, पहिल्या क्रमांकावर."

टाळ्या! कुणी बाकावर चढलं, कुणी शिट्टी मारली. मघाशी कुजबुजणारा आवाज आता सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. गुंडाला भाचीचा अभिमान वाटावा की शिफाचा, हेच ठरेना. शेवटी त्यानं दोघींचा वाटून घेतला.

"जोड नक्की कुठं असेल?" निमिषनं तांबडं पेन काढलं. "कुणाची मोरी आधी गुरगुरते, मग कुणाची? तो क्रम कळला की जागा सापडली. शिफा, घरं तुला पाठ आहेत. तूच खुणा कर."

शिफानं पेन घेतलं. तेवढ्यात अख्खी गल्ली नकाशाभोवती गोळा झाली.

"आमची दुसरी!"

"काय बोलतीस, आमची दुसरी, तुजी तिसरी!"

"वर, वर घे खूण!"

"चाची पहिल्या, ते लिही आधी!"

"आमचा नळ दिसतोय का त्यात?"

निमिष बिचारा कोपऱ्यात चेपला गेला. त्यानं दोनदा "शांत व्हा" म्हणून बघितलं, पण त्याचं कोण ऐकतंय!

शिफानं पेन वर धरलं.

"एकेकानं बोला!"

आणि हौद गल्ली, अडतीसच्या अडतीस घरं, एकदम चिडीचूप झाली.